स्त्रियांच्या गोल्फ-स्पर्धा आणि मंदीचे दिवस

आज ज्या विषयावर मी बोलणार आहें, त्याचें नुसतें नांव ऐकूनच कित्येक घरांतून रेडिओची कळ फिरविण्यासाठीं हात पुढें होईल, याची मला जाणीव आहे. गोल्फ, आणि तोहि स्त्रियांचा! वाणसामानाची यादी आंखडती घ्यावी लागत असतां, मुलांच्या फीची विवंचना डोक्यावर असतां, हा चार धनिकांचा खेळ जगला काय आणि मेला काय, असा प्रश्न आपल्या मनांत आला तर तो अगदीं स्वाभाविक आहे. माझ्याहि मनांत तो पुष्कळ वर्षें होता. तो पुरता गेला आहे असेंहि मी म्हणत नाहीं. परंतु मध्यंतरीं एक मुलगी चार रात्री माझ्या घरीं राहून गेली, आणि त्या प्रश्नाकडे पाहण्याची माझी दृष्टि बदलली. त्या मुलीपासूनच आरंभ करतें.

मी विश्रांतवाडीस राहतें. आमच्याकडून येरवड्याच्या बाजूस निघालें म्हणजे दोन-तीन मैलांच्या आंत पूना क्लबचें गोल्फचें मैदान लागतें. त्या मैदानावरून चौकाला नांव पडलें, रस्त्याला नांव पडलें; रिक्षावाल्यास ‘गोल्फ क्लब’ म्हटलें कीं तो पुढें कांहीं विचारीत नाहीं. परंतु कुंपणाच्या पलीकडे काय चालतें, हें आमच्या वाडींतील बहुतेकांना ठाऊक नाहीं. भारतांतील धंदेवाईक स्त्री-खेळाडूंची एक फिरती स्पर्धामालिका आहे; भारतीय महिला गोल्फ संघटना ती चालवीत आली, आणि वर्षानुवर्षें तिच्या नांवाआधीं ‘हिरो’ हें एका उद्योगसमूहाचें नांव लागलेलें आपण वृत्तपत्रांत वाचलें असेल. दिल्लीच्या परिसरापासून बंगळूर-हैदराबादपर्यंत या मालिकेच्या स्पर्धा होतात, आणि आमच्या या येरवड्याच्या मैदानावरहि त्या झालेल्या आहेत. स्पर्धा तीन दिवसांची. दररोज अठरा होल. बहुधा आठवड्याच्या मधल्या वारीं, म्हणजे शनिवार-रविवारच्या सभासदांच्या खेळास अडथळा येऊं नये अशा बेतानें. दुसऱ्या दिवशींच्या वृत्तपत्रांत दोन ओळी येतात; त्याहि क्रिकेटच्या बातमींतून जागा उरली तर.

माझ्या घरीं आलेली मुलगी परजिल्ह्यांतील. ओळखीच्या ओळखीनें चिठ्ठी आली कीं, हॉटेलचा खर्च परवडत नाहीं, चार दिवस उतरण्याची सोय होईल काय? होय म्हटलें. पहांटे पांचला उठून, स्वतःच चहा करून, ती रिक्षानें मैदानावर जाई. दुसऱ्या दिवशीं दुपारीं ती लौकर परत आली, तेव्हांच मीं ओळखलें कीं कांहीं तरी बिनसलें आहे. त्या रात्रीं जेवणें झाल्यावर तिनें एक शाळकरी वही काढली आणि टेबलाशीं बसून हिशेब लिहूं लागली. एका बाजूस प्रवेश-फी, गाडीभाडें, रिक्षा, कॅडीची मजुरी, हरवलेले चेंडू. दुसऱ्या बाजूस जमा. जमेच्या रकान्यांत तिनें एक आडवी रेघ ओढली आणि वही मिटली.

मीं विचारलें, “अशा रेघा किती आहेत ग या वहींत?”

ती हंसून म्हणाली, “काकू, रेघांचें वाईट वाटत नाहीं. चुकलें तर पुढच्या खेपेस सुधारतां येतें. पण पुढची खेप रद्द झाली असें पत्र येतें ना, त्या पानावर काय लिहायचें हें कळत नाहीं.”

श्रोतेहो, या एका वाक्यांत आजच्या विषयाचें मर्म आहे. गोल्फच्या धंद्यांत पगार नसतो. क्रिकेटच्या संघांत निवड झाली कीं सामन्याचें मानधन ठरलेलें असतें. येथें तसें नाहीं. खर्च सर्व आपला, आणि पहिल्या दोन दिवसांच्या खेळानंतर जी चाळण लागते, तिला ‘कट’ म्हणतात, तींतून खालीं गळलेल्या खेळाडूस बहुतेक स्पर्धांत एक पैहि मिळत नाहीं. म्हणून स्पर्धा रद्द होणें म्हणजे प्रेक्षकांची एक करमणूक बुडणें नव्हे. ती या मुलींची, आणि त्यांच्या मागून पिशवी वाहणाऱ्या कॅडींचीहि, कामाचे दिवस बुडण्याची गोष्ट आहे. गिरणी बंद पडली तर तिचा भोंगा वाजेनासा होतो व सर्वांना कळतें. स्पर्धा बंद पडली तर कोणास कळत देखील नाहीं.

मंदीच्या दिवसांत पहिली कुऱ्हाड कोणावर पडते, हें पाहण्यास अमेरिकेचें उदाहरण उपयोगी आहे. तेथील धंदेवाईक स्त्री-गोल्फपटूंची संघटना १९५० सालीं तेरा स्त्रियांनीं स्थापिली. १९३२ च्या ऑलिंपिकमध्यें धांवण्याच्या व भाल्याच्या शर्यतींत सुवर्णपदकें मिळविणारी बेब झहारियास ही त्यांतील एक. १९४४ सालीं निघालेली अशीच एक संघटना थोड्याच वर्षांत बसली होती, तेव्हां या तेरा जणींना भविष्य कांहीं फार उज्ज्वल दिसत असेल असें नाहीं. आरंभीं त्यांना सगळेंच स्वतः करावें लागे. मैदानाची आंखणी करावयाची, हिशेब ठेवावयाचे, गांवोगांव स्वतःच्या मोटारी हांकीत जावयाचें, आणि लोकांनीं पाहावयास यावें म्हणून गांवांत जाहिरातहि करावयाची. अशा गांवोगांवच्या स्पर्धांवर ती संघटना वाढली.

पुढें २००८ सालची आर्थिक घसरण आली. त्या वर्षीं या संघटनेच्या वार्षिक क्रमांत चौतीसच्या सुमारास स्पर्धा होत्या. २०११ सालीं त्या तेवीसपर्यंत खालीं आल्या. पुरुषांच्या स्पर्धांनाहि झळ लागली, परंतु अशी नव्हे. गेलेल्यांत मोठ्या शहरांबरोबर लहान गांवेंहि होतीं, आणि त्यांपैकीं एकाची कथा सांगण्यासारखी आहे. न्यू यॉर्क राज्यांत कॉर्निंग नांवाचें दहा-अकरा हजार वस्तीचें गांव आहे. कांचेचा कारखाना हाच त्या गांवाचा प्राण. १९७९ पासून त्या कारखान्याच्या आश्रयानें तेथें स्त्रियांची स्पर्धा भरे, आणि सारें गांव स्वयंसेवक होऊन राबे. अशा लहान गांवीं खेळाडूंनीं हॉटेलांऐवजीं गांवकऱ्यांच्याच घरीं उतरण्याची चाल तिकडे आहे. वर्षामागून वर्षें त्याच घरीं, त्याच खोलींत. २००९ सालीं, एकतिसाव्या खेपेस, ती स्पर्धा शेवटची झाली. तैवानची यानी त्सेंग जिंकली. मंदींत कारखान्यास खर्च झेपेना, एवढेंच कारण. गांवाचा उत्साह आटला नव्हता, खेळाडू यावयास तयार होत्या. पण छपराला खांब एकच होता, आणि तो निघाला.

याच्या उलट ऑरेगन राज्यांतील पोर्टलंडची स्पर्धा पाहा. ती १९७२ पासून चालू आहे. तिच्या नांवाआधीं लागणारा आश्रयदाता वारंवार बदलत गेला. कधीं किराणा-भांडारें, कधीं विमा-कंपनी. पण स्पर्धेची मालकी स्थानिक लोकांच्या एका धर्मादाय संस्थेकडे राहिली. आश्रयदाता हा तिथें पाहुणा, यजमान नव्हे. तो गेला तरी घर उभें राहिलें.

त्याच वाईट दिवसांत, २०११ सालीं, फीनिक्स येथें त्या संघटनेनें एक नवी स्पर्धा भरविली. तिला संस्थापक तेरा जणींच्या स्मरणार्थ नांव दिलें, आणि पहिल्या वर्षीं खेळाडूंनीं बक्षिसावांचून खेळावें, पैसा मुलींना गोल्फ शिकविण्याच्या कार्यास व अन्य धर्मकार्यास जावा, असें ठरविलें. ऑस्ट्रेलियाची कॅरी वेब ती जिंकली. पुष्कळांनीं या त्यागाची स्तुति केली, आणि दुसऱ्या वर्षापासून रीतसर बक्षिसें सुरू झाल्यामुळें तो डाव साधला असेंच म्हणावें लागेल. तरी पण मला तो प्रयोग कोठेंहि, विशेषतः आपल्याकडे, पुन्हां झालेला आवडणार नाहीं. स्त्रियांनीं केलेलें काम प्रेमाचें आणि म्हणून फुकटाचें, ही समजूत आपल्या घरांतून आधींच पुरेशी रुजलेली आहे. तिला मैदानावर आणून आणखी खतपाणी घालण्याचें कारण नाहीं. ज्या मुलीच्या वहींत जमेच्या बाजूस रेघा आहेत, तिनें त्याग करावयाचा तो कशांतून?

आपल्या देशांत एकखांबी छपराचे प्रकार टेनिसमध्यें पुष्कळ झाले. हैदराबादेस २००३ ते २००५ स्त्रियांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. शेवटच्या वर्षीं सानिया मिर्झा आपल्याच गांवीं ती जिंकली. पुढें कलकत्त्यास २००५ ते २००७, बंगळूरला २००६ ते २००८. मार्टिना हिंगिस आली, सेरेना विल्यम्स येऊन जिंकून गेली, आणि मग सगळें शांत झालें. आपल्या पुण्यांतहि २०१२ च्या नोव्हेंबरांत बालेवाडीस अशी एक स्पर्धा झाली. अंतिम सामना अठरा वर्षांची एलिना स्वितोलिना आणि बेचाळीस वर्षांची जपानी किमिको दाते यांच्यांत झाला. स्वितोलिना जिंकली, पुढें ती जगांत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढली. त्या सामन्यास उपस्थित असलेल्यांनीं आपल्या नातवंडांना सांगावें असा तो प्रसंग. पण दुसऱ्या वर्षीं पुण्यांत ती स्पर्धाच झाली नाहीं. मुंबईची स्पर्धा २०१७ व २०१८ अशी दोन वर्षें होऊन थांबली आणि २०२४ सालीं पुन्हां उभी राहिली. सहा वर्षांच्या खंडांत एका पिढीची उमेद निघून जाते, हें कोणाच्या ताळेबंदांत दिसत नाहीं.

गोल्फमध्यें स्त्रियांची जी भारतीय खुली स्पर्धा आहे, तीहि साथीच्या २०२० व २०२१ या दोन वर्षीं भरली नाहीं. २०२२ सालीं पुन्हां भरली. याच स्पर्धेंत २०१६ सालीं बंगळूरच्या अदिति अशोकनें विजय मिळविला होता, आणि हीच अदिति २०२१ सालीं टोकिओच्या ऑलिंपिकमध्यें चौथी आली. त्या शनिवारीं सकाळीं, ज्यांना या खेळांतील ओ कीं ठो कळत नव्हतें तेहि दूरदर्शनपुढें बसून होते. आमच्या शेजारच्या आजीबाईंनीं तर त्या मुलीच्या नांवें देवापुढें साखर ठेविली. पण चौथी येणारी मुलगी एकदम आकाशांतून पडत नाहीं. तिच्या मागें पन्नास जणी खेळत असाव्या लागतात, आणि त्यांना खेळावयास जागोजागीं लहान स्पर्धा असाव्या लागतात. आपल्या मालिकेंत हौशी मुलीहि धंदेवाईकांबरोबर खेळूं शकतात. बक्षिसाची रक्कम त्या घेत नाहींत, पण अनुभव घेतात. ती पायरी काढली तर वरचा मजला कितीहि सुंदर असो, चढावयाचें कोठून?

मग लहान गांवीं, वाईट दिवसांत, ही पायरी टिकवावी कशी? याचें उत्तर मला परदेशांत सांपडलें नाहीं. जत्रेच्या कुस्त्यांत सांपडलें. कोल्हापुरास शाहू महाराजांनीं खासबागेचें मैदान बांधविलें, मल्लांना खुराक दिला. तो राजाश्रय होता, आणि संस्थानें गेल्यावर तो गेला. पण खेड्यांतल्या जत्रेचा फड राजाश्रयावर कधींच नव्हता. तेथें लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्तीपासून आरंभ होतो, मग नारळ, मग कोणा दुकानदाराचें, कोणा सावकाराचें, कोणा मुंबईस नोकरीस गेलेल्या गांवकऱ्याचें इनाम. एकेका कुस्तीचा एकेक धनी. दुष्काळाच्या सालीं इनामें लहान होतात. पण सगळेच धनी एकदम हात आंखडीत नाहींत, म्हणून फड मोडत नाहीं.

ही गोष्ट मला सुचली ती अडचणींत. कांहीं वर्षांपूर्वीं एका गांवच्या स्त्रियांच्या लहानशा गोल्फ-स्पर्धेच्या मंडळांत माझें नांव घालण्यांत आलें होतें. गांवाचें नांव सांगत नाहीं, आणि ज्यांनीं ऐनवेळीं माघार घेतली त्यांचेंहि सांगत नाहीं. स्पर्धेस दहा दिवस असतां त्यांचें पत्र आलें कीं, यंदा व्यवहार मंद असल्यामुळें कबूल केलेली रक्कम देणें शक्य नाहीं. मंडळाची सभा बसली. एक वयोवृद्ध गृहस्थ म्हणाले, “बक्षिसें निम्मीं करा. मुलींना खेळावयास मिळतें हेंच पुष्कळ.” बहुतेकांनीं माना हलविल्या. तेव्हां आमच्या कोषाध्यक्ष बाई, ज्या एरवीं सभेंत तोंड उघडीत नसत, त्यांनीं खर्चाचा कागद वाचावयास सुरवात केली. समारोपाचें रात्रीचें जेवण. कमानी आणि फलक. पाहुण्यांना द्यावयाच्या छापील पिशव्या. चांदीचा मुलामा दिलेला करंडक. प्रमुख पाहुण्यांची ने-आण. वाचून झाल्यावर त्यांनीं चष्मा काढला आणि विचारलें, “यांतलें कोणतें कलम चेंडू मारतें?”

कोणी बोललें नाहीं. जेवण रद्द झालें. त्याऐवजीं सभासदांच्या घरून पोहे आणि चहा आला. कमानी, पिशव्या गेल्या. जुना करंडक घांसून पुसून ठेविला. बक्षिसांची रक्कम आणि कॅडींची मजुरी या दोन कलमांस हात लावला नाहीं. तरी तूट उरलीच. तेव्हां मी जत्रेची गोष्ट काढली. अठरा होल आहेत, अठरा धनी शोधूं. दोघी-दोघींच्या जोड्या करून आम्ही बाजारपेठेंत हिंडलों. मिठाईवाला, औषधांचा दुकानदार, शिकवणीचे वर्ग चालविणारे मास्तर, एक दंतवैद्य, शिवणकामाचें दुकान चालविणाऱ्या दोन बहिणी. या बहिणींनीं बाराव्या होलचें इनाम दिलें आणि तीनहि दिवस दुपारीं दुकानाला कुलूप लावून त्या बाराव्या होलपाशीं येऊन उभ्या राहिल्या. खेळ त्यांना समजत नव्हता. पण तो होल त्यांचा होता. त्या वर्षीं आमच्या मैदानावर जेवढे प्रेक्षक आले, तेवढे मोठ्या आश्रयदात्याच्या सालीं मीं पाहिले नव्हते.

यांत सर्व कांहीं गोड होतें असें मात्र समजूं नका. एका मोठ्या धनिकाकडे एकदांच जावें लागतें. अठरा जणांकडे निदान छत्तीस खेपा होतात. दुसऱ्या वर्षीं चौघांनीं नकार दिला, एकानें कबूल करून दिलें नाहीं, आणि हिंडणाऱ्या बायकांपैकीं दोघींच्या घरीं कुरबुर सुरू झाली. स्पर्धा झाली, पण आम्ही थकलों. अशा कामास पगारी माणूस एक तरी हवें. उत्साहावर दोन वर्षें निघतात, दहा निघत नाहींत.

दुसरा मोठा खर्च राहण्याचा. त्याविषयीं विश्रांतवाडीकरांना मीं शिकवावें असें कांहीं नाहीं. ज्ञानोबांची पालखी आळंदीहून पुण्यास जातांना आमच्याच वाडीवरून जाते. त्या दिवशीं कोण कोठला वारकरी हें न विचारतां घरोघर पंक्ति उठतात, पाय चेपले जातात, अंगणांत दिंड्या टेकतात. वारीची आणि चेंडूच्या खेळाची तुलना करण्याचा माझा हेतु नाहीं. पण परगांवच्या चार मुलींना चार रात्री घरांत जागा देणें, ही कला आमच्या अंगांत मुरलेली आहे, इतकेंच म्हणावयाचें. हॉटेलचा खर्च वांचला तर तितक्याच पैशांत ती मुलगी आणखी एक स्पर्धा खेळते.

आतां एक आक्षेप, आणि तो खरा आहे. उन्हाळ्यांत शहराच्या नळांना पाणी नसतां हिरवळीवर पाणी कां घालावें? मुलींना उत्तेजन द्यावयाचें तर खो-खो काय थोडा आहे? पाण्याच्या बाबतींत माझें मत कडक आहे. मैदानांनीं शुद्ध केलेलें सांडपाणीच वापरावें, आणि त्याचा हिशेब लोकांसमोर ठेवावा. खो-खोविषयीं म्हणाल, तर खो-खोच्या मुलींनाहि हाच प्रश्न आहे. त्यांच्याहि स्पर्धांचे धनी असेच येतात व जातात. एकीचें ताट काढून दुसरीस वाढावें, असा हा व्यवहार नाहीं. शिवाय मैदान आहेच, सभासद तेथें खेळणारच. प्रश्न इतकाच कीं, वर्षांतून तीन दिवस तें या मुलींसाठीं मोकळें करावें कीं नाहीं. आणि तीन दिवस सकाळचा खेळ चुकतो म्हणून कुरकुरणारे सभासद मीं पाहिले आहेत, तसेच स्वतः उन्हांत उभे राहून गुणपत्रिका लिहिणारेहि पाहिले आहेत. दुसऱ्या प्रकारचे अधिक असतात, पण ते बोलतात कमी.

त्या मुलीचें पुढें काय झालें, असें आपण विचाराल. महिना-दीड महिन्यानें तिचा निरोप आला. दुसऱ्या एका गांवीं एका फटक्यानें ती चाळणीच्या वर राहिली होती. बक्षीस लहानच, गाडीभाडें आणि कॅडीचा वांटा वजा जातां हातांत फारसें राहिलें नाहीं. पण जमेच्या रकान्यांत आंकडा लिहिला, असें तिनें मुद्दाम कळविलें, आणि विचारलें कीं, हिंवाळ्यांत पुण्याची स्पर्धा ठरली तर तीच खोली मिळेल का? स्पर्धा ठरेल कीं नाहीं हें माझ्या हातीं नाहीं. खोली आहे, इतकें उत्तर मीं त्याच दिवशीं धाडलें.